अट्रॅक्टाची जीभ

अट्रॅक्टा टॅन्सीला सोमवार नको असायचा. गुरुवारही. बाकीच्या दिवशी ती चार माणसांसारखी उठायची, चुलीतली राख सारायची, ओटची लापशी ढवळायची. पण सोमवारी पहाटे डोळे उघडायच्या आधीच तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भुकेचं नसायचं. ओकारीच्या आधी सुटतं, तसलं. अंगणात कुणीतरी येऊन उभं असणार, हात नाहीतर पाय फडक्यात गुंडाळून, आणि तिनं उपाशीपोटी ती भाजलेली जागा जिभेनं चाटायची. सोमवार, गुरुवार आणि पुन्हा सोमवार. तीनदा चाटल्याशिवाय गुण येत नाही, हे क्लूनमोर गावचं शेंबडं पोरही सांगायचं.

हे तिच्या गळ्यात पडलं ते सातव्या वर्षी. तिचा धाकटा भाऊ फिनिअन दोन वर्षांचा होता. बटाटे उकडायचं मोठं भांडं चुलीवरून उतरवताना आईचा पाय घसरला आणि उकळतं पाणी पोराच्या अंगावर गेलं. भाजल्यावर चाटणारा म्हातारा थेडी मुलॉय त्याच हिवाळ्यात वारला होता. मग शेजारपाजारचे जमले. एकीनं हंसाची चरबी फासली. दुसरीनं म्हटलं, चरबी कशाला, धुराड्यातली काजळी लावा. तिसरी ताजं शेण घेऊन आली. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून आईनं सगळ्यांचं सगळं लावू दिलं. पोर पाच दिवस जगलं. त्या पाच दिवसांत घरात जो वास भरला तो अट्रॅक्टाच्या नाकात आयुष्यभर राहिला. गोडसर, जड, आंबलेल्या ताकात कुणी मेलेला उंदीर टाकावा तसा.

फिनिअनला पुरून आल्यावर तिचे वडील मॅलकी आणि त्यांची बहीण विनी चुलीपाशी बसून बराच वेळ कुजबुजले. दुसऱ्या दिवशी दोघं तिला घेऊन दलदलीत गेली. तिथली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळतात; ती कापली की खड्डे राहतात आणि त्यात काळं पाणी साठतं. मॅलकीनं बाही वर सारली, एका खड्ड्यात हात घातला आणि बोटाएवढा पाणसरडा बाहेर काढला. वरून चिखलाच्या रंगाचा, खाली नारिंगी पोट, त्यावर काळे ठिपके. पोट धडधडत होतं.

"जीभ काढ पोरी," विनी आत्या म्हणाली. "पोटावरून चाटायचं. डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे भाजल्याचं औषध जिभेत उतरतं. नऊ वेळा."

"मला नको."

"फिनिअन गेला तो आवडला तुला?"

यावर सात वर्षांच्या पोरीनं काय बोलायचं? तिनं जीभ काढली. थंड, बुळबुळीत, त्यावर गंजलेल्या खिळ्याची चव. पाचव्या वेळेला त्या प्राण्यानं इवल्या पंजानं तिचा खालचा ओठ धरला आणि ती तिथंच भडाभडा ओकली. आत्यानं तिचं तोंड आपल्या शालीच्या टोकानं पुसलं आणि म्हणाली, "ओकलीस म्हणजे मोजणी गेली. आता पुन्हा एकपासून." त्यामुळे बाकीच्यांना नऊ पुरतात, अट्रॅक्टानं चौदा वेळा चाटलं.

जिभेत औषध उतरलं की नाही ते बघायला मॅलकीनं घरी येऊन स्वतःच्या अंगठ्याला निखारा लावला. पोरीनं तो चाटला. आठवड्यानं फोड सुकला. तो कुणीही न चाटता सुकला असता असं तिला पुढे मोठेपणी वाटलं, पण तोवर बातमी तीन गावं ओलांडून गेली होती.

तिथून माणसांची रीघ लागली. लोहार डोमनिकची टाच, तापलेल्या नालावर पडलेली. भाकरीच्या तव्याला चिकटलेले तळवे. विस्तवाजवळ पेंगता पेंगता नडग्या भाजून घेणाऱ्या म्हाताऱ्या. यातलं कुणी स्वच्छ होऊन यायचं नाही. भाजल्यावर पाणी लावायचं नाही, औषध बिथरतं, असा नियम होता. त्यामुळे आधी घरी जे काही फासलेलं असेल, लोणी, मेणबत्तीचं मेण, डुकराच्या चरबीत कालवलेली कोंबडीची विष्ठा, त्या सगळ्याच्या वरून तिनं चाटायचं. थुंकायचंही नाही. थुंकलं तर आलेल्या माणसाचा अपमान. आणि झाल्यावर त्या माणसानं पैसा द्यायचा नाही, आभारही मानायचे नाहीत, कारण आभार मानले की गुण जातो. लोक फडकं गुंडाळायचे आणि गाय पाणवठ्यावरून तोंड फिरवून जाते तसे निघून जायचे. अट्रॅक्टा गोठ्यामागे जाऊन मूठभर गवत चावायची. गवताच्या कडवट रसानं तोंड थोडंफार आपलं वाटायचं.

ती एकोणीस वर्षांची असताना एका रविवारी तिठ्यावर नाच होता. तिनं नवा निळा झगा घातला होता. एक जण तिला नाचायला बोलवायला पुढं आला, तेवढ्यात कॉर्मॅक गिल्डे नावाचा टवाळ मागून म्हणाला, "नाच की गड्या, पण तोंड जरा लांब ठेव. सोमवारी त्या तोंडात लोहाराची टाच होती."

सगळे खिदळले. खिदळणाऱ्यांत निम्म्यांच्या घरातली कातडी अट्रॅक्टानं चाटली होती.

"होती ना," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या आईच्या मांडीपेक्षा स्वच्छ होती."

हसू तिथंच विझलं. नाचायला बोलवणारा मागं सरकला आणि त्यानंतर तिला कुणीच बोलावलं नाही. पण तिला खरा संताप आला तो चार दिवसांनी. गुरुवारी सकाळी कॉर्मॅकची आई दारात हजर. मांडी अजून पुरती बरी झाली नव्हती. बाई आत आली, खुर्चीवर बसली आणि घागरा वर केला, जणू काही घडलंच नव्हतं. आणि अट्रॅक्टानं, आत्या शेजारी उभी होती म्हणून, गुडघे टेकले.

सत्ताविसाव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिनं वडिलांना एकच अट घातली. तळ्यापलीकडचं स्थळ बघा, आणि या जिभेबद्दल तिथं चकार शब्द काढायचा नाही. मॅलकीनं मान डोलावली. तळ्यापलीकडे बार्टली क्रायन नावाचा माणूस होता. नऊ एकर जमीन, पाच गाई, घरात विधवा आई. बार्टली कमी बोलायचा, दारू बेताची प्यायचा. अट्रॅक्टाला वाटलं, सुटले.

लग्न बुधवारी झालं. पुढच्या सोमवारी ती स्वयंपाकघरात आली तर बाकावर तीन माणसं ओळीनं बसली होती. एकाचा हात, एकाची मान, एका बाईच्या मांडीवर रडून थकलेलं तान्हं. सासूबाई होनोरा त्यांना जागा दाखवत होत्या.

"ये सूनबाई," होनोरा म्हणाल्या. "तू अजून काही खाल्लं नाहीस ना?"

अट्रॅक्टानं बार्टलीकडं बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता आणि ती काही केल्या बांधून संपत नव्हती.

"तुला माहीत होतं?"

"लग्न जुळवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं," तो बुटाकडं बघत म्हणाला. "आईनं त्यासाठीच तर हो म्हटलं. हुंडाही कमी घेतला."

वडिलांनी मान डोलावली होती ती कशाला, हे तिला त्या क्षणी समजलं. तिला बापाची किळस आली, आणि नाडीशी खेळणाऱ्या त्या नवऱ्याची त्याहून जास्त. तान्ह्याची आई आशेनं बघत होती. अट्रॅक्टानं तान्ह्याला घेतलं.

पुढची दहा वर्षं क्रायनांच्या घराला मान आला. चर्चमध्ये होनोराबाईंना लोक पुढचा बाक रिकामा करून देऊ लागले. सोमवारी त्या धुतलेला ॲप्रन बांधून चुलीशेजारी बसायच्या, कोण आधी, कोण नंतर ते ठरवायच्या आणि आलेल्यांना चहा द्यायच्या. सुनेला तेवढा नाही, कारण ती उपाशी. आणि या मानाच्या घरात अट्रॅक्टाचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात बार्टलीनं भिंतीत तो खिळा ठोकला, बस्स. तिच्या जिभेनं मढ्यालाही बरं वाटेल म्हणणारी माणसं तिच्या उष्ट्या पेल्याला हात लावत नव्हती. ती रात्री त्याच्याकडं पाठ करून झोपायची, आणि तिला इटा नावाची एक मुलगी झाली हे तिचं तिलाच नवल वाटायचं.

इटा आठ वर्षांची होती त्या वसंतात हॉरनांची जोसी आली. पाच वर्षांची पोर. डुकरांसाठी उकळत ठेवलेल्या खाण्यात हात गेला होता. घरच्यांनी त्यावर कोंबडीची विष्ठा आणि चरबी थापली होती. अट्रॅक्टानं सोमवारी चाटलं. नेहमीसारखं, डोळे मिटून, मनात देवाची प्रार्थना नाही तर नुसते आकडे मोजत. गुरुवारी जोसीला आणलं तेव्हा बाप फडकं सोडत होता आणि दोन हातांवर उभ्या अट्रॅक्टाला तो वास आला. फिनिअनचा वास. हात कोपरापर्यंत सुजला होता, बोटं जांभळी, आणि लेपाखाली काहीतरी वळवळत होतं.

"मी याला तोंड लावणार नाही," ती म्हणाली.

"लावायलाच पाहिजे," होनोरा म्हणाल्या. "एकदा झालंय. मधे सोडलं तर उलटतं."

"उलटलंय ते. दिसत नाही तुम्हाला?"

"तीन वेळा पुरं होऊ दे, मग बोल."

अट्रॅक्टानं पोरीला उचललं, बाहेर जाऊन गाढवाच्या गाडीत ठेवलं आणि हॉरनला म्हणाली, "बसतोस का मी एकटी जाऊ?" परगण्याला त्याच वर्षी नवी नर्स आली होती, हॅलिगन नावाची, चार मैलांवर राहणारी. हॉरन गाडीत चढला.

नर्स हॅलिगननं लेप खरवडून काढला. कोमट पाण्याच्या भांड्यात किडे तरंगले. मग तिनं विचारलं, "याच्यावर काय काय लावलं?"

 अट्रॅक्टानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि मी चाटलं."

नर्स थांबली. "काय केलंस?"

"जिभेनं. सोमवारी. माझ्याकडं औषध आहे."

"बाई," नर्स म्हणाली, आवाज न चढवता, "माणसाचं तोंड गोठ्यापेक्षा घाण असतं. तुझं एकटीचं नाही, माझंही. तिथून उघड्या जखमेत काय जातं ते तुला दाखवता आलं असतं तर तू आजन्म कुणाला हात लावला नसतास."

"मग हे माझ्यामुळे झालं?"

"विष्ठेमुळे झालं असेल. तुझ्यामुळे झालं असेल. मला सांगता येत नाही."

जोसी वाचली, पण इस्पितळात तिची दोन बोटं कापावी लागली. अट्रॅक्टा घरी येताना वाटेत तीनदा उतरून ओकली. इतकी वर्षं तिला लोकांच्या कातडीची किळस होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला आपल्या तोंडाची आली. आणि खरं सांगायचं तर, त्या किळसेच्या तळाशी हायसंही वाटत होतं. कुणीतरी शहाण्या माणसानं, पांढऱ्या टोपीतल्या बाईनं, तिला सांगितलं होतं की हे करू नको. तीस वर्षं ती कुणीतरी एवढंच म्हणावं म्हणून थांबली होती.

तिनं चाटणं बंद केलं. सोमवारी आलेल्यांना दारातूनच नर्सकडं पाठवायची. लोक गेले, पण नर्सकडं नाही. ही क्रायनांची सून शेफारली, म्हणाले. एकानं तिच्या तोंडावर सांगितलं, "देवानं दिलेलं दाबून ठेवतेस, जीभ सडेल तुझी." होनोराबाईंचा पुढचा बाक गेला. त्या आठवडाभर सुनेशी बोलल्या नाहीत, आणि मग एकदम गोड बोलायला लागल्या. त्या गोडव्याचा अट्रॅक्टाला संशय यायला हवा होता.

जूनमधल्या एका दुपारी इटा घरात दिसेना. सासूबाईही नाहीत. दुधाची छोटी कासंडी जागेवर नव्हती. अट्रॅक्टाला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती पायात काही न घालता दलदलीकडं धावली. होनोराबाई एका खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या, कासंडीत दोन बोटं घालून, आणि समोर इटा जीभ बाहेर काढून उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी.

अट्रॅक्टानं पोरीचा दंड धरून मागं ओढलं. कासंडीला लाथ बसली.

"निदान तिच्यात तरी औषध उतरू दे," होनोरा म्हणाल्या. "नाहीतर घराची अब्रू जाईल."

"अब्रू?" अट्रॅक्टा म्हणाली. "आई, तुम्ही जीभ काढा. तो बघा पाणसरडा, गवतात पडलाय. नऊ वेळा चाटा. मग माझ्या मुलीला सांगा."

"माझं आता वय झालं."

"चाटायला वय लागत नाही. तोंड लागतं. काढा."

म्हातारीनं गवतातल्या त्या वळवळत्या नारिंगी पोटाकडं बघितलं आणि तिचं तोंड आपोआप वाकडं झालं. वरचा ओठ नाकाला लागला. अट्रॅक्टानं ते नीट बघून घेतलं. दहा वर्षं चुलीपाशी बसून ही बाई दुसऱ्याच्या जिभेवर मोठेपणा मिरवत होती, आणि तिला स्वतःला तो प्राणी बघवत नव्हता.

"बघा," अट्रॅक्टा म्हणाली, "अशीच किळस मला यायची. दर सोमवारी."

त्या हिवाळ्यात होनोराबाई चहाची किटली उतरवताना तोल जाऊन चुलीत गेल्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. बार्टलीनं त्यांना ओढून काढलं आणि बिछान्यावर ठेवलं. म्हातारी कळवळत होती. "चाट, सूनबाई. मी तुझे पाय धरते."

"चाट की," बार्टली म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई आहे माझी."

"तुझी आई आहे," अट्रॅक्टा म्हणाली. "तू चाट."

 त्यानं मान खाली घातली, लग्नानंतरच्या त्या सोमवारी घातली होती तशीच.

"नाही ना होत? मग घोडा काढ आणि नर्सबाईंना घेऊन ये. आणि जायच्या आधी मोठं भांडं विस्तवावर चढव."

नर्स आली. तिनं म्हातारीचा हात धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली आणि रोजची पट्टी कशी बदलायची ते अट्रॅक्टाला शिकवलं. फडकी उकळायची, हात साबणानं धुवायचे, फोड फोडायचा नाही, सुकलेलं ओढायचं नाही. सहा आठवडे अट्रॅक्टानं ते केलं. म्हातारीच्या अंगाचा वास, पट्टीला चिकटलेलं पिवळं पाणी, शिव्या, सगळं नाकातोंडासमोर होतं. पण तोंड मिटलेलं होतं. एवढ्या एका फरकानं तिला ते सगळं सोसवलं. मार्चमध्ये नवी गुलाबी कातडी आली.

पहिल्याच रविवारी होनोराबाई चर्चच्या फाटकापाशी बाही वर करून उभ्या. भोवती घोळका.

"मी झोपले की यायची," त्या सांगत होत्या. "मला कळू द्यायची नाही. पण मला जीभ लागायची ना. अशी ऊनऊन."

मागून येणारी अट्रॅक्टा जागीच थांबली.  ती घोळक्यात शिरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी चाटलं नाही. एकदाही नाही. उकळलेलं पाणी, साबण आणि नर्सचं औषध. त्यानं बरा झाला हा हात."

 ल्यूक स्वीनी नावाचा वयस्क शेतकरी समजूतदारपणे हसला. "बरोबर आहे, बाई. औषध ज्याच्याकडं असतं त्यानं कबूल करायचं नसतंच. आम्हाला कळतं."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. अट्रॅक्टानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. यांना खोटं बोलून पटवता येतं, पण खरं बोलून पटवता येत नाही, तर करायचं काय? ती घरी आली.

सोमवारी उजाडताच ल्यूक स्वीनीच अंगणात उभा. काल संध्याकाळी कंदील पालथा झाला होता. मनगटापासून वर सगळं भाजलेलं आणि त्यावर हंसाची चरबी, काजळी आणि आणखी काहीतरी हिरवं.

त्याला हाकलून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण हा नर्सकडं जाणार नाही, घरी जाऊन त्यावर अजून काहीतरी थापेल, हेही दिसत होतं. तिनं आधी बसून दोन वाट्या लापशी खाल्ली, त्याच्यासमोर, सावकाश. मग भांडं चढवलं, फडकी उकळली, कोपरापर्यंत हात धुतले. ल्यूक बाकावर बसला, हात पुढं केला आणि सवयीनं डोळे मिटून मान दुसरीकडं फिरवली. सगळे तेच करायचे. इतक्या वर्षांत चाटून घेताना एकानंही आपल्या जखमेकडं बघितलं नव्हतं.

"डोळे उघड," अट्रॅक्टा म्हणाली.

"कशाला?"

"मी काय करते ते बघ, म्हणजे बाहेर जाऊन भलतं सांगणार नाहीस. उघड, नाहीतर ऊठ."

त्यानं डोळे उघडले. तिनं ओलं फडकं लावून ती चरबी एकेक थर करत सोडवायला सुरुवात केली. काजळीचा पोपडा निघाला, त्याखालून हिरवा लगदा, त्यात चिकटलेली पिसं, आणि खाली गळणारं कच्चं मांस. वास खोलीभर पसरला. ल्यूक स्वीनीच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे झाले.

"ही घाण," तो कसाबसा म्हणाला, "ही तू..."

"तोंडानं. तीस वर्षं," अट्रॅक्टा म्हणाली. "तुझ्या बायकोचा तळवाही. तुझ्या भावाची पाठही. मान वळवू नको, इकडं बघ."

तो वाकला आणि तिच्या धुतलेल्या फरशीवर ओकला. सकाळचा चहा, रात्रीचे बटाटे, सगळं. अट्रॅक्टानं पायानं बादली त्याच्याकडं सरकवली, फडकं पिळलं आणि उरलेली चरबी काढायला पुन्हा वाकली. चुलीपाशी बसलेल्या होनोराबाईंनी ॲप्रनचं टोक नाकाला लावलं होतं. बार्टली दारात उभा होता. तो आत आला आणि न सांगता चुलीवरचं गरम पाणी तिच्या भांड्यात ओतू लागला.

गुरुवारी ल्यूक पुन्हा आला. या वेळी घरून काही न फासता आला होता, आणि कालच भाजलेला एक शेजारी त्यानं बरोबर आणला होता. त्याला तो दारातच समजावत होता, "आधी हात धू. आणि सकाळी काही खाऊन आला असशील तर आत्ताच सांग, ओकायला बादली जवळ ठेवतो."